‘नाही’वर खूण करण्याआधी: वॉशिंग्टन राज्यातल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

२०२४ ची कोजागिरी. बॉथेलच्या आमच्या घरी दूध आटत होतं आणि ओट्याच्या कडेला नुकतंच टपालाने आलेलं मतपत्रिकेचं पाकीट पडलं होतं. एका मैत्रिणीने ते उचललं आणि विचारलं, “त्या एकवीस-सतराला काय करायचं गं?”

“पर्यावरण हवं असेल तर ‘नाही’ म्हणायचं.”

“हवं असेल तर ‘हो’ ना?”

“अगं, तो हवामानाचा कायदा रद्द करायचा प्रस्ताव आहे. रद्द करू नका म्हणायचं असेल तर ‘नाही’.”

पुढची दहा मिनिटं सगळे हो आणि नाहीच्या गुंत्यात अडकले. दूध उतू जायची वेळ आली. तेवढ्यात आमच्यातला एक शांत, भरपूर वाचणारा माणूस म्हणाला, “मी प्रस्तावांचं ते पहिलं पान उलटतोच. उमेदवारांची नावं असतात तिथून सुरुवात करतो.”

ते वाक्य मला तेव्हापासून टोचतं आहे. आपल्यापैकी किती जण तसंच करतात ते मला गेल्या काही वर्षांत कळलं आहे, आणि एकदा तर मी त्याहून वाईट केलं होतं. ते पुढे सांगते.

आपल्या राज्यात १९१२ पासून लोकांना स्वतः कायदा मांडायचा हक्क आहे. २०२४ साली त्यासाठी ३,२४,५१६ मतदारांच्या सह्या लागत होत्या. किराणा दुकानाच्या दाराशी फळी आणि पेन घेऊन उभी असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सह्या पुऱ्या पडल्या की प्रश्न आपल्या घरी येतो, मतपत्रिकेच्या सुरुवातीलाच, राष्ट्राध्यक्षांच्या नावांच्याही आधी. ज्यांची नावं आपण मन लावून भरतो ती माणसं दोन, चार किंवा सहा वर्षांनी बदलता येतात. त्या पहिल्या पानावर मात्र आपणच आमदार असतो. तिथे आपल्या वतीने विचार करणारं दुसरं कुणी नसतं.

हवामानाच्या प्रश्नावर आपण असे आमदार तीनदा झालो. २०१६ मध्ये ७३२ क्रमांकाचा प्रस्ताव आला, कार्बनवर कर लावण्याचा. ५९ टक्क्यांहून अधिक मतं ‘नाही’. २०१८ मध्ये १६३१ आला, कार्बनवर शुल्क लावण्याचा. साधारण ५७ टक्के ‘नाही’. मग २०२१ मध्ये विधिमंडळाने स्वतःच कायदा केला, गव्हर्नर इन्स्ली यांनी सही केली आणि २०२३ पासून मोठ्या प्रदूषकांना प्रदूषणाचे परवाने लिलावात विकत घ्यावे लागू लागले. तो कायदा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये २११७ आला. जवळजवळ ६२ टक्के ‘नाही’.

तिन्ही वेळा ‘नाही’च जिंकलं. पहिल्या दोन वेळा त्या ‘नाही’ने कार्बनवर किंमत लावणं अडवलं आणि तिसऱ्या वेळी तीच किंमत वाचवली. मी हे आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा बराच वेळ बघत बसले. आठ वर्षांत लोकांचं मत फिरलं, की गोंधळलेला माणूस आहे ते तसंच राहू द्या म्हणतो आणि आपण तीनदा तेवढंच म्हटलं? मतदानाचा अभ्यास करणारे लोक सांगतात की प्रस्ताव समजला नाही तर मतदार ‘नाही’कडे झुकतो. त्यात मूर्खपणा नाही. अनोळखी रस्त्यावर माणूस गाडी हळू करतोच. पण ज्याला आपला प्रस्ताव पाडायचा आहे त्यालाही हे ठाऊक असतं. त्याला तुम्हाला पटवायची गरज पडत नाही. तुमच्या मनात थोडी शंका पेरली की त्याचं काम झालं.

२०१८ मध्ये माझ्या मनात ती पेरली गेली. त्या ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर सिअॅटलवर इतका दाटला होता की सूर्य भर दुपारी तांबडा दिसायचा. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती, आम्ही तिला खेळायला बाहेर सोडत नव्हतो. घर गरम करणाऱ्या भट्टीची हवा गाळायची जाळी आठवड्यात काळी पडली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मी १६३१ वर ‘नाही’ची खूण केली.

कारण होतं टपालपेटीत आलेलं एक गुळगुळीत पत्रक. सगळ्यात मोठ्या प्रदूषकांना सूट आणि भुर्दंड तुमच्या माथी, असा त्याचा सूर होता. मी मराठी मध्यमवर्गीय घरातली. ‘बड्यांना सूट’ वाचलं की माझं डोकं तापतं. मी पुढचं काही वाचलं नाही.

सूट होती, हे खरं आहे. सेंट्रेलियाच्या कोळशाच्या वीजकेंद्राला शुल्कातून वगळलं होतं. पण त्या केंद्राने २०२५ अखेरपर्यंत कोळसा जाळणं थांबवायचं, हे २०११ च्या कायद्याने आधीच ठरलेलं होतं. ते एक वाक्य पत्रकात नव्हतं आणि मी ते शोधलं नाही. त्या प्रस्तावाच्या विरोधात तीन कोटी दहा लाख डॉलरहून जास्त खर्च झाला, बहुतेक पैसा तेल कंपन्यांचा. एकट्या बीपीचे त्यात सुमारे एक कोटी तीस लाख होते. राज्याच्या इतिहासात तोवर कुठल्याच प्रस्तावावर इतका पैसा ओतला गेला नव्हता. ही माहिती गुप्त नव्हती. आपल्या राज्यात निवडणुकीच्या जाहिरातीवर सगळ्यात मोठ्या पाच देणगीदारांची नावं छापावी लागतात. माझ्या हातातल्या कागदावर ती बारीक अक्षरात होतीच. मी चष्मा लावून वाचली नाहीत, एवढंच.

आणि भुर्दंड म्हणजे किती? हा हिशोब मी मतदान झाल्यावर केला. आधी करायला हवा होता. एक गॅलन पेट्रोल जाळलं की साधारण ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १६३१ चं सुरुवातीचं शुल्क टनाला १५ डॉलर होतं. म्हणजे गॅलनमागे जेमतेम १३ सेंट. वर्षाला बारा हजार मैल चालणारी, गॅलनला तीस मैल देणारी आमची गाडी चारशे गॅलन पिते. वर्षाचे त्रेपन्न डॉलर. शुल्क दरवर्षी टनामागे दोन डॉलरने आणि महागाईच्या दराने वाढणार होतं, तेही धरलं पाहिजे. तरीही त्या वर्षी मी धुरासाठी घेतलेल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राची किंमत याच्या कितीतरी पट होती.

हाच हिशोब उलट बाजूनेही करते, नाहीतर तो प्रामाणिक होणार नाही. २०२१ च्या कायद्याखालचा पहिला लिलाव फेब्रुवारी २०२३ मध्ये झाला तेव्हा टनाचा भाव ४८.५० डॉलर निघाला आणि त्याच ऑगस्टमध्ये ६३.०३. सगळा बोजा पंपावर आला असं धरलं तर गॅलनमागे ५६ सेंट. त्या जूनमध्ये आपलं राज्य पेट्रोलच्या दरात कॅलिफोर्नियालाही मागे टाकून देशात पहिलं होतं. आमच्यासारख्या दोन पगारांच्या घराला वर्षाला सव्वादोनशे डॉलर जाणवत नाहीत. याकिमाहून रोज साठ मैल जुना ट्रक हाकत कामाला जाणाऱ्याला ते जाणवतात, आणि त्याचा राग खोटा नाही. ‘हवामानासाठी एवढं तर द्यायलाच हवं’ हे वाक्य रेडमंडच्या बैठकीत म्हणणं सोपं असतं. मी ते म्हणणं सोडून दिलं आहे.

असं असूनही २०२४ मध्ये कायदा टिकला. का टिकला, याचं मला पटणारं उत्तर असं, की एव्हाना तो कायदा लोकांना दिसू लागला होता. २०१८ मध्ये शुल्क खिशात येऊन टोचणार होतं आणि फायदा कुठेतरी पुढच्या काळात होता. २०२४ मध्ये लिलावाचा पैसा प्रत्यक्ष फिरत होता. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट झाली होती. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लाखो घरांच्या वीजबिलातून २०० डॉलर वजा झाले होते. शिवाय २०२२ च्या एका कायद्यामुळे मतपत्रिकेवरच छापावं लागलं होतं की हा प्रस्ताव मंजूर झाला तर वाहतूक, स्वच्छ हवा, अक्षय ऊर्जा आणि निसर्गसंवर्धन यांचा निधी घटेल. ते एक वाक्य जाहिरातींच्या गठ्ठ्यापेक्षा जड ठरलं असावं. आणि तेल कंपन्या या वेळी २०१८ सारख्या पैसा घेऊन उतरल्या नव्हत्या. हेही विसरू नका.

आता २०६६ बद्दल. हा जरा नाजूक विषय आहे, कारण तो आपल्या स्वयंपाकघरात शिरला होता.

त्याच मतपत्रिकेवर हा प्रस्ताव होता. नैसर्गिक गॅसच्या वापरावर राज्याने किंवा शहरांनी निर्बंध आणू नयेत, असा त्याचा गाभा. आमच्या गटात त्याची चर्चा एका वाक्यात संपली: “गॅस गेला तर फुलका कशावर फुगवायचा?” भरिताचं वांगं विजेच्या काचेच्या शेगडीवर भाजता येत नाही आणि भाकरीला शेवटी आच लागतेच, हे मलाही मान्य आहे. पण कुणाच्याही घरातली चालू शेगडी काढून न्यायची, असा हुकूम कुठल्याच कायद्यात नव्हता. प्रश्न होता नव्या इमारतींच्या नियमांचा, आणि पुजेट साउंड एनर्जीसारख्या वीज आणि गॅस पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीने हळूहळू गॅसवरून विजेकडे कसं वळायचं याच्या नियोजनाचा. तो प्रश्न गंभीर आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. नवं घर घेणाऱ्याला खर्च किती पडेल, थंडीत वीज पुरेल का, हे रास्त प्रश्न आहेत. आम्ही ते विचारलेच नाहीत. आम्ही फुलक्यावर मत दिलं.

प्रस्ताव ५१.७ टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर झाला. ज्या मतदारांनी हवामानाचा कायदा वाचवला, त्यातल्याच बऱ्याच जणांनी त्याच कागदावर गॅसलाही ‘हो’ म्हटलं. मार्च २०२५ मध्ये किंग काउंटीच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण एका प्रस्तावात एकच विषय असावा हा राज्यघटनेचा नियम त्याने मोडला होता. त्यावर दाद मागितली गेली. निकाल काहीही असो, मला खुपतं ते दुसरंच. प्रस्तावात अनेक गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या, हे न्यायालयाला दिसलं. आपल्यालाही दिसायला हवं होतं, कारण राज्याकडून मतदारांना येणाऱ्या माहितीपुस्तिकेत सगळा मजकूर छापलेला होता.

इथे मला सातारा जिल्ह्यातली माझी मावशी आठवते. तिच्या गावात दारूचं दुकान बंद करावं की नाही यावर बायकांचं मतदान झालं होतं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान चालू राहावं असं वाटत असेल तर उभी, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडवी. मावशी चौथी शिकलेली. मतदानाच्या दिवशी तिला एका क्षणाचीही शंका नव्हती. दारूचं घरात काय होतं ते तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती, आणि प्रश्न असा विचारला होता की उत्तर चुकणं शक्य नव्हतं. शिवाय त्या मतदानाचा नियम असा, की यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तरच दुकान बंद होतं. जी घरी बसली ती आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली गेली. म्हणून बायका एकमेकींना हाताला धरून केंद्रावर घेऊन गेल्या.

आपल्यापुढे चित्र नसतं. आपल्याकडे कायद्याच्या भाषेतली तीस शब्दांची चौकट असते. राज्याचे अॅटर्नी जनरल ती लिहितात, विषयाला दहा शब्द आणि वर्णनाला तीस. हजारो पानांचे परिणाम असलेली गोष्ट तीस शब्दांत बसवायची म्हटल्यावर काहीतरी बाहेर राहणारच. आणि जे मोजायचं ते आपल्याला घरात दिसत नाही. धूर दिसतो. २८ जून २०२१ ला सिअॅटलमध्ये पारा १०८ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे ४२ सेल्सिअस, तेव्हा पंखा नसलेल्या घरात आपण ओल्या पंच्यांखाली झोपलो. ते सगळ्यांना आठवतं. पण तो दिवस आणि मतपत्रिकेवरचा क्रमांक यांच्यामधला धागा कुणीतरी हाताने ओवावा लागतो. मावशीला तो ओवावा लागला नाही. आपल्याला लागतो, आणि त्यासाठी आपण सगळे भरपूर शिकलेले आहोत.

मग ठरवायचं कसं? सगळा कायदा वाचून काढा असं मी म्हणणार नाही. नोकरी, मुलांचे क्लास, भारतातून आलेले आईवडील, त्यात दिवाळी. २०२४ मध्ये भाऊबीज रविवारी होती आणि मतदान त्यापुढच्या मंगळवारी. आर्थर लुपिया नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने १९८८ च्या कॅलिफोर्नियातल्या विम्याच्या पाच प्रस्तावांवर लोकांनी कसं मत दिलं ते तपासलं होतं. ज्यांना तपशील फारसे ठाऊक नव्हते, पण विमा कंपन्या कुठल्या बाजूला आहेत एवढं ठाऊक होतं, त्यांची मतं सगळं वाचलेल्यांच्या मतांशी जुळली. म्हणजे कोण कुठे उभं आहे हे पाहणं हा आळस नाही. तो शहाणपणाचा जवळचा रस्ता आहे. पुस्तिकेत बाजूच्या आणि विरोधाच्या निवेदनाखाली सह्या असतात, त्या वाचा. राज्याच्या पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे कुणी किती पैसा दिला याची नोंद असते, ती पाहायला पाच मिनिटं लागतात.

पण त्या रस्त्यावरही खड्डा आहे, आणि तो मला २०१६ च्या ७३२ ने दाखवला. योराम बाउमन या अर्थशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने आलेला तो प्रस्ताव कार्बनवर कर लावून तो पैसा लोकांना परत देणार होता. विक्रीकर एका टक्क्याने कमी, गरीब कुटुंबांना वर्षाला १,५०० डॉलरपर्यंत परतावा. तेव्हा आपल्या राज्यात उत्पन्नावर कर नव्हता, त्यामुळे विक्रीकराचा भार गरिबावर जास्त पडत होता. कागदावर हे न्याय्य होतं. तरीही पर्यावरणाच्या संघटनांमध्येच फूट पडली. ऑडुबॉनने पाठिंबा दिला, सिएरा क्लबने दिला नाही. सरकारच्या तिजोरीत तूट येईल, वायुप्रदूषणाने होरपळलेल्या वस्त्यांना त्यातून थेट काही मिळणार नाही, असे आक्षेप होते. ते आक्षेप मला आजही पूर्ण चुकीचे वाटत नाहीत. ज्यांच्याकडे बघून मत द्यायचं तेच दोन दिशांना तोंड करून उभे होते. अशा वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून भागत नाही. चारशे गॅलनांचा हिशोब मांडावा लागतो, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते बोट ठेवून वाचावं लागतं, आणि ‘हो’ म्हटलं तर काय बदलेल, ‘नाही’ म्हटलं तर काय तसंच राहील, हे मराठीत मोठ्याने बोलून पाहावं लागतं. मराठीत बोललं की न समजलेलं लपत नाही, हा माझा अनुभव आहे. किंग काउंटी मतदानाची माहिती चिनी, कोरियन, व्हिएतनामी, स्पॅनिश, रशियन आणि सोमाली भाषांतही देते. मराठीत ती कुणी देणार नाही. ते काम आपलंच आहे.

ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्ड किंवा व्हिसाच आहे, त्यांनाही हे पत्र आहे. तुम्ही पेट्रोलचा तोच भाव देता, त्याच धुरात श्वास घेता आणि तुम्हाला मत नाही. तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचवा. माझ्या एका मतात मला ते धरायचं आहे.

आणि जे पहिलं पान उलटतात त्यांना हात जोडून विनंती. विचार करून ‘नाही’ म्हणा, विचार करून ‘हो’ म्हणा, माझ्या उलट मत द्या. पण रिकामं सोडू नका. रिकामी चौकट कुणाच्याच बाजूने मोजली जात नाही. तुमच्याऐवजी निर्णय तो घेतो ज्याने ते पत्रक छापलं.

पुढच्या वेळी पर्यावरणाचा प्रस्ताव आला, की मतपत्रिका टपालाने आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरी या. मंडळाच्या गटात मी पत्ता टाकेन. येताना पुस्तिका आणा, पाकीट फोडलं नसलं तरी चालेल. एक जण इंग्रजी वाचेल, एक जण मराठीत सांगेल, ज्याला पटत नाही तो अडवेल. बाजू आधी ठरवून येऊ नका, मीही ठरवून बसणार नाही. खूण कुठे करायची ते कुणी कुणाला सांगायचं नाही. काळ्या शाईची पेनं मी ठेवते. फक्त पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळावी लागते, तेव्हा नोंदणीच्या वेळी देवनागरीत केली असेल तर इथेही देवनागरीतच करा. चहा आणि कांदाभजी असतील.

आपली,
बॉथेलची एक मतदार